व्यापारी वाऱ्यांचा हंगाम

डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर पाऊस ओसरलेला असतो, जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मागे पडलेला असतो, आणि ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे दिवसरात्र एकसारखे वाहत असतात. उन्हाळा अलास्कात किंवा भूमध्य समुद्रात काढलेली मोठमोठी प्रवासी जहाजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इकडे वळतात आणि वसंत ऋतू लागला की परत जातात. मधल्या चार-पाच महिन्यांत थंडीला कंटाळलेली लाखो माणसे या जहाजांवर चढतात, रोज सकाळी एका नव्या बंदरात उतरतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. या हंगामावर आज कित्येक बेटांचे पोट चालते.

न्यू जर्सीत इतकी वर्षे राहूनही हिवाळा म्हटले की माझ्या मनात आधी उसाचे गाळप येते. माझे माहेर वाळवा तालुक्यातले. दिवाळी झाली की रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागायची, मळ्याच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहायच्या, रात्री-अपरात्री कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात शिरायचा. म्हणून गेल्या हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या अखेरीस, आम्ही दोघे प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघणाऱ्या आठवडाभराच्या जहाजफेरीवर गेलो, तेव्हा निळे पाणी आणि पांढरी वाळू पाहण्याच्या आनंदाबरोबर एक गोष्ट सतत माझ्या लक्षात येत राहिली. या बंदरांत हेच महिने, याच वाऱ्याच्या भरवशावर, तीनशे वर्षे दुसऱ्याच कामाचे होते. जानेवारी ते जून हा इथला ऊसतोडीचा आणि गाळपाचा काळ होता. कोरड्या हवेत उसाची गोडी वाढते, वाटा चिखलमुक्त असतात, आणि वारा जोरात असल्यामुळे चरक फिरवणाऱ्या पवनचक्क्या थांबत नाहीत. आज पर्यटकाला ज्या हवेचे अप्रूप वाटते, ती हवा साखरेच्या मालकांनी त्याच्या कितीतरी आधी हेरून ठेवली होती. या बेटांवर हिवाळ्यात जाणाऱ्या माणसाने निदान एवढे जाणून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सान हुआनमध्ये आम्ही जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचलो. जुन्या शहराच्या टोकावर स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला समुद्रात घुसल्यासारखा उभा आहे, आणि शहरातल्या गल्ल्यांत लोखंडाच्या मळीपासून ओतलेल्या निळसर विटांची फरसबंदी आहे. किल्ला पाहण्यासारखा आहे, त्याच्या हिरवळीवर मुले पतंग उडवतात, आणि तटावर उभे राहिले की वारा अक्षरशः अंगाला टेकून उभा राहतो. पण सान हुआनबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा मी पुढे जाते.

जहाजावरच्या दिवसाचा क्रम लवकरच अंगवळणी पडतो. पहाटे बंदराचा पायलट छोट्या नावेतून येऊन चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने चढतो आणि जहाज धक्क्याला लागते. आठच्या सुमारास शिडीवर माणसांची रांग लागते, खोलीचे कार्ड यंत्रावर टेकवले की पडद्यावर आपला चेहरा उमटतो, आणि आपण बेटावर उतरतो. साडेचार-पाचच्या आत परत यावे लागते. म्हणजे एका देशाच्या वाट्याला फार तर आठ तास येतात. त्यातही बहुतेक बंदरे बेटाच्या पश्चिमेकडे, वाऱ्याच्या आडोशाला असतात. शिडाच्या जहाजांना तिथेच निवांत नांगर टाकता यायचा, म्हणून शहरे तिथे वसली. बेटाची दुसरी, अटलांटिक महासागराच्या लाटा अंगावर घेणारी बाजू त्या आठ तासांत फार थोड्यांना दिसते.

पहिले बंदर सेंट थॉमस बेटावरचे शार्लट अमाली. हे बेट डेन्मार्कचे होते. १९१७ मध्ये अमेरिकेने ते आणि शेजारची बेटे अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतली. धक्क्याला समांतर जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर डॅनिश काळातली जाड दगडी भिंतींची गोदामे आहेत. एकेकाळी त्यांत साखर, रम आणि युरोपातून आलेला माल ठेवलेला असे. आता त्या कमानींखाली हिऱ्यांची, घड्याळांची आणि अत्तरांची दुकाने आहेत, आणि त्यांतली बरीच सिंधी कुटुंबांची आहेत. एका दुकानात गल्ल्यामागे बसलेल्या वयस्कर बाईंनी मला पाहताच हिंदीत विचारले, "मुंबईची का?" मी सांगली सांगितली. त्यांना उल्हासनगर ठाऊक होते, सांगली नव्हती. त्यांनी बसायला स्टूल दिले आणि खरेदीचा विषयही न काढता सांगितले की धक्क्याला तीन जहाजे लागली की दुपारपर्यंत श्वास घ्यायला उसंत नसते, आणि एकही जहाज नसले की रस्त्यावर मांजर फिरत नाही. या बेटावर ऊस फारसा नव्हता, पण व्यापार होता. माल बदलला, गोदामे तीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सेंट किट्स. खरे तर या एका बेटासाठी मी ही फेरी निवडली होती. इथे १९१२ ते १९२६ या काळात किनाऱ्याकिनाऱ्याने एक छोटी रेल्वे टाकली गेली, कारण बेटभर विखुरलेल्या मळ्यांतला ऊस बासटेर शहरातल्या एका मध्यवर्ती कारखान्यात आणायचा होता. रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेइतकेच. माझे आजोबा पंढरपूरला त्या बार्शीच्या गाडीने जायचे, त्यामुळे रुळांकडे पाहून मला क्षणभर आपल्या गावाकडे आल्यासारखे वाटले. आता या गाडीला दुमजली डबे लावून पर्यटकांना अठरा मैल रेल्वेने आणि उरलेले बारा मैल बसने बेटाची प्रदक्षिणा घडवतात. वरच्या मजल्यावर तीन गायिका बेटावरची जुनी गाणी म्हणत डब्याडब्यांतून फिरत होत्या, लोखंडी पुलांवरून गाडी सावकाश जात होती, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ढगात डोके घातलेला ज्वालामुखी होता.

आणि मध्ये ऊस होता. कोणी न लावलेला, कोणी न तोडणारा. सेंट किट्सने २००५ मध्ये साखरेचा धंदा बंद केला. तीन शतकांहून अधिक काळ चाललेली गोष्ट एका हंगामाअखेर संपली, कारण युरोपने दिलेला चढा भाव जाणार हे दिसत होते आणि सरकारच्या कारखान्याचा तोटा भरून निघण्यापलीकडे गेला होता. पण उसाला हे कोणी सांगितले नव्हते. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटतच राहिला. ओढ्यांच्या कडेने, गवतात आणि झुडपांत मिसळलेले त्याचे ठोंब अजून दिसतात, त्यांना तुरे आलेले असतात. आमच्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तुरा आला म्हणजे ऊस पोकळ पडणार, वजन घटणार. इथे त्या तुऱ्यांचे फोटो काढले जात होते. मला त्यात कोणाचा दोष वाटत नाही, तुरे सुंदरच दिसतात. पण तोडणीला उशीर झालेल्या रानाकडे बघताना वडिलांचा चेहरा कसा व्हायचा, हे आठवल्यावर माझ्याने फोटो काढवला नाही.

तिसऱ्या दिवशी अँटिग्वा. हे बेट बऱ्यापैकी सपाट आणि कोरडे आहे, बारमाही नद्या नाहीत, आणि किनारे इतके की वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आम्ही किनारा सोडून टॅक्सीने बेटाच्या आतल्या भागात बेटीज होप नावाच्या जुन्या मळ्यावर गेलो. सतराव्या शतकातला हा मळा पुढे कितीतरी पिढ्या कॉड्रिंग्टन घराण्याकडे होता. आता तिथे पवनचक्क्यांचे दोन दगडी बुरूज शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांतल्या एकाला पुन्हा पंखे आणि चरक बसवला आहे. बेटावर असे शंभरच्या आसपास बुरूज विखुरलेले आहेत, कोणी त्याचे हॉटेल केले आहे, कोणी बागेत तसाच ठेवला आहे.

बुरुजाच्या आत शिरले की थंडावा जाणवतो. मध्यभागी तीन उभे लोखंडी लाट, म्हणजे ऊस पिळणारे रूळ आहेत, मधला वरच्या पंख्यांच्या दांड्याला जोडलेला, आणि तो फिरला की त्याच्या दात्यांत अडकलेले दोन्ही बाजूचे लाट फिरतात. एका बाजूने एक माणूस उसाची पेंढी आत सारणार, पलीकडचा माणूस चिपाड ओढून दुसऱ्या फटीतून परत पाठवणार. रस खाली शिशाने मढवलेल्या पन्हळीतून उतारावरच्या उकळघराकडे वाहत जायचा. तिथे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने तांब्याच्या काहिली, रस एकीतून दुसरीत पळ्यांनी ओतायचा, चुना टाकून मळी काढायची, आणि शेवटच्या, सर्वांत लहान आणि सर्वांत तापलेल्या काहिलीत तो साखर धरेपर्यंत आटवायचा. हे सगळे मला हाताच्या रेषांइतके ओळखीचे होते. आमच्या चुलत्यांच्या गुऱ्हाळात बैल जाऊन इंजिन आले होते, पण चुलाणात चिपाड सारणारा जाळव्या, काहिलीच्या काठाला उभा राहून बुडबुड्यांवरून पाक ओळखणारा गुळव्या, रानभेंडीच्या चिकाने वर येणारी मळी आणि गरम रसाचा तो घशाला लागणारा गोड वाफारा मी लहानपणापासून पाहिला होता.

फरक यानंतर सुरू होतो. ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो आणि रस निघाला की काही तासांत शिजवावा लागतो, नाहीतर तो आंबतो. म्हणून हंगामात चरक आणि चुलाणे रात्रंदिवस चालत. दिवसा फडात तोड केलेल्या गुलाम माणसांनाच रात्री पाळीने चरकावर उभे केले जाई. झोपेने डुलकी लागून पेंढीबरोबर बोटे लाटांत गेली तर वाऱ्यावर फिरणारा चरक थांबवता येत नसे. त्यासाठी चरकाजवळ एक कुऱ्हाड किंवा कोयता टांगून ठेवलेला असे. हात तोडला की माणूस वाचे. त्या काळच्या अनेक नोंदींत हे आले आहे. मी त्या लाटांच्या फटीसमोर उभी राहून माझा हात तिथपर्यंत नेऊन पाहिला. लाटांच्या मधली जागा दोन-तीन बोटांएवढीही नाही. आपल्या गुऱ्हाळातही अपघात होत, हे मला ठाऊक आहे. पण अपघात होणारच हे गृहीत धरून हत्यार टांगून ठेवणे, आणि त्या माणसाची किंमत मळ्याच्या वहीत बैल-घोड्यांच्या यादीखाली लिहून ठेवणे, ही गोष्ट निराळी आहे. या निराळेपणाला दुसरे कोणतेही सौम्य नाव देता येत नाही.

अँटिग्वाच्या दक्षिणेला इंग्लिश हार्बर नावाची सुरक्षित खाडी आहे आणि तिथे ब्रिटिश आरमाराची जुनी गोदी उत्तम स्थितीत जपली आहे. तासभर आम्ही तिथेही काढला. ही गोदी साखरेच्या बेटांच्या राखणीसाठी होती. तिथल्या दोरखंडांच्या कोठीत फिरताना मला आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आठवले. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले हे जहाज १८४७ पासून काही वर्षे उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या तैनातीवर होते, आणि आजही ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. आपला किनारा आणि हा समुद्र यांचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे.

त्या रात्री जेवणघरात आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा आमचे बोलणे ऐकून थबकला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुमी खंयचे?" तो वेंगुर्ल्याजवळच्या एका गावचा निघाला. गोव्याची आणि तळकोकणची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर आहेत. गोव्याच्या खलाशांचे गावोगावचे क्लब मुंबईत धोबी तलावाच्या आसपास याच नोकरीमुळे उभे राहिले. त्याचे आजोबा मालबोटीवर होते आणि हा प्रवासी जहाजावर. एका करारात सात-आठ महिने सलग काम, आठवड्याची सुटी नाही, बंदरात उतरायला मिळाले तर दोन-तीन तास. "सेंट लुसिया मी बऱ्याचदा बघितलं, पण धक्क्यासमोरच्या वायफायवाल्या दुकानापर्यंतच," असे तो सहजपणे म्हणाला. या फेरीनंतर जहाज युरोपात जाणार होते आणि हाही त्याबरोबर जाणार होता. बहिणीच्या लग्नाचे कर्ज एका करारात फिटेल, असा त्याचा हिशेब होता. रोज रात्री तो आमच्यासाठी स्वयंपाकघरातून हिरवी मिरची आणि मीठ वेगळे घेऊन यायचा, न मागता.

चौथे बंदर सेंट लुसियाचे कॅस्ट्रीज. डोंगरांनी वेढलेली खोल खाडी, इतकी खोल की जहाज जवळपास बाजारातच येऊन उभे राहते. या खोलीमुळेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे वाफेच्या जहाजांना कोळसा पुरवण्याचे मोठे ठाणे झाले. तो कोळसा जहाजावर चढवायच्या बायका. डोक्यावर भरलेली टोपली, पायाखाली अरुंद फळी, एकीमागे एक अशा त्या रांगेने चढत आणि दुसऱ्या फळीने उतरत. त्यांची छायाचित्रे मी आधी पाहिली होती. जहाजाच्या रुंद, कठड्याच्या, गालिचा घातलेल्या शिडीवरून उतरताना मला ती फळी आठवली. आमच्याकडे उसाची मोळी डोक्यावर घेऊन तोडकरी बायका ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून अशाच चढतात. बीड जिल्ह्यातून आलेल्या त्या बायकांच्या पायांखाली लवणारी फळी मी इतक्या वेळा पाहिली आहे की कॅस्ट्रीजची ती फळी मला ऐतिहासिक वाटूच शकली नाही.

हे बेट फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चौदा वेळा हातोहात फिरले असे सांगतात. गुलामगिरी संपली तेव्हा ते इंग्रजांकडे होते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ मध्ये फिटला. ज्यांना मुक्त केले त्यांना काहीही मिळाले नाही, उलट बहुतेक बेटांवर आणखी चार वर्षे जुन्याच मालकाकडे राबावे लागले. मग मळ्यांना मजूर कमी पडू लागले आणि नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला, १८४५ मध्ये त्रिनिदादला, १८५९ मध्ये सेंट लुसियाला करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली जहाजे आली. बहुतेक माणसे कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून भरलेली होती. १९१७ पर्यंत कॅरिबियन भागात अशी सुमारे पाच लाख माणसे आणली गेली. ही पद्धत बंद व्हावी म्हणून १९१२ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडणारा माणूस होता आपला गोपाळ कृष्ण गोखले. ठराव सरकारी मतांनी पडला. पण त्याआधी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतासाठीची मजूरभरती थांबवण्याचा ठराव त्यांनी मंजूर करून घेतला होता, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी सगळीच भरती थांबली. शाळेत आम्ही गोखल्यांचा धडा शिकलो तो मवाळ-जहाल वादाच्या चौकटीत. त्यांच्या या कामाचे मोल मला कॅस्ट्रीजच्या बाजारात कळले. रोटी विकणाऱ्या एका बाईंच्या गाडीवर वाटाण्याचे पुरण भरलेल्या रोटीत बटाट्याची भाजी गुंडाळलेली घडी मी घेतली, तिला हळद आणि जिरे यांचा स्पष्ट वास होता. बाईंना आपले पणजोबा कोणत्या गावचे ते माहीत नव्हते. त्यांना त्यांच्या जहाजाचे नावही माहीत नव्हते. जिऱ्याला मात्र त्या ‘गीरा’ म्हणत होत्या.

सेंट लुसियाने साखर सोडून १९५०-६० च्या दशकांत केळी धरली. छोट्या शेतकऱ्यांच्या हातात पहिल्यांदा नियमित पैसा आला, डोंगरउतारावर घरे पक्की झाली. मग युरोपने या बेटांच्या केळ्यांना दिलेल्या सवलतीविरुद्ध अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतले काही देश जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९७ मध्ये निकाल बेटांच्या विरोधात लागला. केळ्यांचे मळे ओस पडत गेले. अर्थशास्त्राचे नोबेल १९७९ मध्ये मिळवणारे आर्थर लुईस याच कॅस्ट्रीजमध्ये जन्मले. शेतीत साठून राहिलेले मजूर नव्या उद्योगांकडे कसे जातात, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. त्यांच्या बेटावर तो नवा उद्योग जहाजांचा आणि हॉटेलांचा निघाला, आणि त्याचाही भाव दूर कुठेतरी ठरतो.

शेवटचे बंदर बार्बाडोसचे ब्रिजटाउन. आम्ही धक्क्यावरून छोटी बस केली आणि आधी केन्सिंग्टन ओव्हलसमोर उभे राहिलो, कारण माझ्या नवऱ्याला ते मैदान म्हणजे तीर्थक्षेत्र आहे. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघातून आलेल्या गावसकरांनी इथे नाबाद ११७ आणि दिलीप सरदेसाईंनी १५० धावा केल्या होत्या, आणि २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक उचलला तो इथेच. बसचा चालक साठीकडे झुकलेला, शांत माणूस होता. त्याने गावसकर म्हटल्यावर आरसा वळवून आमच्याकडे नीट पाहिले आणि पुढचे दोन तास तो आमच्याशी आपुलकीने बोलत राहिला.

आम्ही गेलेल्या बेटांपैकी ऊस अजून कारखान्यात जातो तो फक्त बार्बाडोसमध्ये. एकेकाळी पाचशेच्या आसपास पवनचक्क्या असलेल्या या बेटावर आता पोर्टव्हेल हा एकच साखर कारखाना उरला आहे. आमच्या भेटीच्या वेळी त्याचा हंगाम सुरू होण्याच्या बेतात होता. मला उसाचे रान जवळून पाहायचे आहे म्हटल्यावर चालकाने आढेवेढे न घेता बस आतल्या रस्त्याला घातली. जमीन पातळ, खाली प्रवाळाचा खडक, आणि ऊस आमच्या कृष्णाकाठच्या मानाने बारीक. पण या बारीक उसाचे आपल्यावर उपकार आहेत. उसाला बी धरते आणि त्या बियांपासून रोपे होतात, हे १८८० च्या दशकात इथे आणि जावामध्ये सिद्ध झाले. तोवर जगभर ऊस फक्त टिपरीपासून, म्हणजे कांडीच्या तुकड्यापासून लावला जाई आणि नवे वाण तयार करण्याचा मार्गच नव्हता. पुढे कोइमतूरला संस्था निघाली आणि ‘को’ने सुरू होणारे सगळे वाण, आज माझ्या भावाच्या रानात असलेल्या को-८६०३२ पर्यंत, त्याच शोधाच्या वाटेने आले. मी हे चालकाला सांगितले तेव्हा त्याने बस थांबवली, खाली उतरून उसाच्या शेंड्याचे एक वाढे मोडून आणले आणि मला दिले. पान हाताला कापते हे त्यालाही माहीत होते. त्याने ते पाठीमागून धरून दिले होते.

त्याची आई तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायची. तो स्वतः लहानपणी शाळा सुटल्यावर तिला पाणी न्यायचा. आता तोडणी बहुतेक यंत्राने होते, आणि हाताने करायला बेटावरचा माणूस तयार नसतो, असे तो म्हणाला. त्याने विचारले, "तुमच्याकडे?" मी सांगितले की अजून बहुतेक हातानेच, नवरा-बायको दोघे मिळून, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि पाच-सहा महिने तोडून ती फेडतात. त्यांची मुले कोप्यांवर असतात किंवा गावी आजीकडे. माझ्या वडिलांच्या पिढीला आम्हा शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना असण्याचा फार अभिमान होता आणि मलाही आहे. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी कारखाना ही या बेटांवर तीनशे वर्षांत सहसा न घडलेली गोष्ट होती, ऊस लावणाराच कारखान्याचा सभासद. पण ऊस तोडणारा सभासद झाला नाही. बेटीज होपच्या बुरुजात उभी असताना मला गुलामगिरीचा संताप आला होता, तो खरा होता. ब्रिजटाउनच्या त्या बसमध्ये आमच्या शेताच्या कडेच्या कोप्यांबद्दल सांगताना तोच संताप पुन्हा आला, आणि या वेळी तो परक्या कोणावर नव्हता. चालक सगळे ऐकून घेत होता. मग त्याने एवढेच विचारले की उचल फिटली नाही तर काय होते. पुढच्या हंगामाला तोच मुकादम, असे मी सांगितले. त्याने मान हलवली.

परत बंदराकडे येताना मी त्याला विचारले की मे ते ऑक्टोबर, जहाजे कमी असतात तेव्हा तो काय करतो. जुन्या काळी प्वेर्तो रिकोसारख्या स्पॅनिश बेटांवर तोड थांबल्यानंतरच्या महिन्यांना मेलेला काळ म्हणत, मजूर उधारीवर जगत आणि पुढच्या तोडीची वाट पाहत. तो म्हणाला की तो घरांना रंग देतो, शाळेची गाडी चालवतो, आणि परसात रताळी लावतो. २०२० च्या मार्चमध्ये जहाजे बंद झाली ती सव्वा वर्षाच्या आसपास आली नाहीत, तेव्हा रताळ्यांनीच घर चालवले. बसचे हप्ते तेवढ्यात थकले, ते अजून तो फेडतो आहे. आम्हाला धक्क्यावर सोडून त्याने पैसे मोजून घेतले, माझ्या नवऱ्याशी हात मिळवला, आणि दुसऱ्या दिवशी दोन जहाजे लागणार आहेत म्हणून डिझेल भरायला लगेच निघून गेला.